रोज डे आणि रमाईची जयंती

दरवर्षी ७ फेब्रुवारीला आमच्या मोबाईलवर दोन तऱ्हेचे मेसेज येतात. पहिले रोज डेचे. व्हॅलेंटाईन वीक त्या दिवशी सुरू होतो. मग प्रपोज डे, चॉकलेट डे, टेडी डे असे करत १४ तारीख गाठायची. दुसरे मेसेज त्यागमूर्ती माता रमाईंच्या जयंतीचे. आमच्या युवक गटातल्या एकाच मुलाच्या स्टेटसवर सकाळी हार घातलेली रमाई दिसते आणि दुपारी लाल गुलाब दिसतो.

काही ज्येष्ठ कार्यकर्ते यावर चिडतात. आम्ही चिडत नाही. ज्या समाजातल्या पोरांना दुसऱ्या जातीच्या मुलीशी नुसते बोलल्याबद्दल मार खावा लागला, जीव गमवावा लागला, त्या समाजाने प्रेमाला नावे ठेवू नयेत. बाबासाहेबांनी १९३६ साली जातिनिर्मूलनावरच्या न झालेल्या भाषणात आंतरजातीय विवाह हाच जात मोडण्याचा खरा उपाय मानला होता. म्हणजे दोन माणसांनी एकमेकांना निवडणे ही आपल्यासाठी किरकोळ गोष्ट नाहीच.

आमची अडचण वेगळी आहे. सकाळच्या आणि दुपारच्या दोन्ही स्टेटसमध्ये प्रेम म्हणजे काय ते दुसऱ्याच कुणीतरी ठरवून दिलेले आहे. गुलाब सांगतो की वस्तू दिली की प्रेम पोचले. इव्हा इलूझ या समाजशास्त्रज्ञ बाईंनी अमेरिकेतल्या विसाव्या शतकाचा अभ्यास करून दाखवले आहे की जेवायला बाहेर जाणे, सिनेमा, फिरणे, भेटवस्तू हे सगळे प्रेमाला हळूहळू कसे चिकटले आणि खर्चाशिवाय प्रेम सुचेनासे कसे झाले. आपल्याकडे ते लोण यायला थोडा उशीर झाला एवढेच. आणि सकाळचे स्टेटस काय सांगते? बाईने मुकाट्याने सोसले की ते प्रेम. हेही तयार मालासारखेच मिळते, कॅलेंडरवर छापलेले आणि डीजेच्या गाण्यात भरलेले.

रमाईचे आयुष्य या दोन्हीत बसत नाही. म्हणून ते जमेल तसे, भाबडेपणा टाळून पुन्हा सांगतो आहोत. पुढे आम्ही तिला एकेरीत संबोधले आहे. आईला कुणी अहो म्हणत नाही, तेवढेच त्याचे कारण.

रमाईचा जन्म ७ फेब्रुवारी १८९८ चा, दापोलीजवळच्या वणंद गावचा. वडील भिकू धुत्रे दाभोळ बंदरावर मासळीच्या टोपल्या वाहायचे. बंदरावर होडी लागली की टोपली डोक्यावर घ्यायची आणि बाजारात नेऊन टाकायची. आई रुक्मिणी. बहिणी होत्या, शंकर नावाचा भाऊ होता. रमा लहान असतानाच आई गेली आणि पाठोपाठ वडीलही गेले. काका-मामांनी पोरक्या मुलांना मुंबईला, भायखळ्याला आणले. शाळा तिच्या वाट्याला आली नाही. कोकणातून मुंबईला आलेल्या त्या काळच्या महार कुटुंबांत मुलीला वेळेवर दोन घास मिळणे हीच चैन होती.

सुभेदार रामजी सकपाळ आपल्या धाकट्या मुलासाठी मुलगी पाहत होते. सोयरीक जुळली. लग्न झाले तेव्हा रमा नऊ वर्षांची होती, भीमराव शाळेच्या शेवटच्या वर्गांच्या वयाचे. लग्नाचे ठिकाण प्रत्येक तरुणाला माहीत असायला हवे. भायखळ्याचा मासळी बाजार. दिवसभराची विक्री संपली, दुकाने उठली, की रात्री ती जागा मोकळी होई. एका कोपऱ्यात वराकडची मंडळी बसली, दुसऱ्या कोपऱ्यात वधूकडची. बसायला मासळी मांडायचे दगडी ओटे होते, पायाखालून गटाराचे पाणी वाहत होते. पहाटे कोळणी यायच्या आत सगळे आवरून जागा मोकळी करून द्यायची होती, आणि तशी ती दिली.

प्री-वेडिंग शूटसाठी कर्ज काढणारी मुले आम्ही आमच्या कामात पाहतो. त्यांना हसायचा आमचा हेतू नाही. ज्यांना पिढ्यान्पिढ्या मिरवू दिले नाही त्यांना मिरवावेसे वाटणारच. फक्त एवढे ध्यानात ठेवावे की आपल्या इतिहासातल्या सगळ्यात मोठ्या संसाराचा मांडव भाड्याचासुद्धा नव्हता.

आणि तो प्रेमविवाहही नव्हता. नऊ वर्षांच्या मुलीला कुणी विचारले नाही, मुलालाही नाही. हे बालविवाहाचे चित्र गोड करून सांगण्यात अर्थ नाही, बाबासाहेबांनीही ते कधी गोड केले नाही. लग्नाच्या दिवशी प्रेम असण्याचे काही कारणच नव्हते. ते नंतर जमले, आणि कसे जमले तेच पाहण्यासारखे आहे.

भीमराव मॅट्रिक झाले, एल्फिन्स्टन कॉलेजात गेले, १९१२ मध्ये बी.ए.ची परीक्षा दिली. त्याच वर्षी १२ डिसेंबरला यशवंतचा जन्म झाला. २ फेब्रुवारी १९१३ ला सुभेदार वारले. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात भीमराव बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. महिन्याला साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी. रमाई तेव्हा पंधरा वर्षांची होती. मांडीवर काही महिन्यांचे मूल, सासरे नुकतेच गेलेले, आणि नवरा साता समुद्रापलीकडे.

या चार वर्षांबद्दल आपण फार घाईने बोलतो. बाबासाहेब अमेरिकेत अठरा-अठरा तास वाचत होते हे आपल्या भाषणांत असते. त्याच चार वर्षांत परळच्या चाळीत चूल कशी पेटत होती, हे एका वाक्यात उरकले जाते. रमाईने शेण गोळा केले, पाट्या डोक्यावरून वाहिल्या, गोवऱ्या थापल्या. बॅरिस्टर व्हायला निघालेल्या माणसाची बायको शेण वेचते म्हणून लोक बोलतील, साहेबांना कमीपणा येईल, यासाठी ती अंधारात जायची असे सांगतात. घरात दीर, जावा, त्यांची मुले होती. एकत्र कुटुंबात कमावता एखादाच असला की ज्याचा नवरा परदेशी त्या बाईचे ताट शेवटचे असते. आमच्या कामात आम्हाला आजही अशी घरे भेटतात. तिथे नवरा परगावी गवंडीकामावर गेलेला असतो.

१९१७ मध्ये भीमराव परतले. त्यांच्या स्वागताला नेसायला धड लुगडे नव्हते, म्हणून शाहू महाराजांनी दिलेला फेटा रमाई लुगड्यासारखा नेसून गेली, अशी एक गोष्ट गावोगावी सांगतात. ती शब्दशः खरी असो वा नसो. घरात तेव्हा काय परिस्थिती होती ते लोकांनी त्या गोष्टीत साठवून ठेवले आहे.

बडोद्याला नोकरीवर गेले तर राहायला जागा मिळेना, शिपाई फायली लांबून टाकीत. ते प्रकरण सर्वांना पाठ आहे. पुन्हा मुंबई. नोव्हेंबर १९१८ पासून सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी. आता महिन्याला साडेचारशे रुपये येऊ लागले. त्या काळी ही मोठी रक्कम. कोणत्याही बाईला वाटले असते की आता आपले दिवस आले. पण भीमरावांना लंडनचा अर्धवट राहिलेला अभ्यास पुरा करायचा होता. त्यांनी घरखर्चासाठी ठरावीक रक्कम रमाईच्या हातात ठेवली आणि बाकी सगळे साठवायला सुरुवात केली. राहते घर तेच, परळच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीतल्या दोन खोल्या. एका खोलीत पुस्तके, दुसरीत संसार. प्रोफेसरची बायको महिनाभर तेवढ्याच पैशांत भागवत होती.

आम्हाला वाटते, या नात्यातली खरी जोडी इथे दिसायला लागते. पैसा आला तरी तो कुठे लावायचा हे ठरलेले होते. रमाईला अर्थशास्त्राचे प्रबंध कळत नव्हते. पण नवरा काय करायला निघाला आहे ते तिला कळत होते, आणि तिने तो पैसा संसारात ओढला नाही. त्यात तिची संमती किती आणि नाइलाज किती? हा प्रश्न आमच्या गटातल्या एका मुलीने विचारला होता. प्रश्न योग्य आहे. नाइलाज होताच. १९१९ सालच्या बाईकडे दुसरा पर्याय काय होता? पण पुढच्या पंधरा वर्षांतली तिची वागणूक पाहिली तर नुसता नाइलाज म्हणून एवढे उभे राहत नाही, असे आमचे मत आहे.

जुलै १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले आणि १९२३ च्या एप्रिलमध्ये डी.एस्सी. आणि बॅरिस्टर होण्याची तयारी पुरी करून परतले. पुन्हा तीन वर्षे. तिकडे ते अर्धपोटी अभ्यास करत, इकडे तीही अर्धपोटी. जयंतीच्या दिवसांत रमाईला लिहिलेली म्हणून जी लांबलचक पत्रे फिरतात, त्यांतले खरे कोणते आणि कादंबरीकाराने कल्पिलेले कोणते हे पाहायला कुणी थांबत नाही. पुढे पाठवण्याआधी थांबावे. त्या काळातल्या त्यांच्या पत्रव्यवहारात हिशेब, ओढाताण, मुलांची काळजी हेच विषय असायचे. गरिबीतली प्रेमपत्रे बहुतेक अशीच असतात.

आता मुलांबद्दल. लिहायला जड जाते, पण टाळता येत नाही. रमाई आणि बाबासाहेबांना पाच मुले झाली. यशवंत, रमेश, गंगाधर, इंदू, राजरत्न. त्यांतला एकटा यशवंत जगला. औषधपाण्याची ऐपत नव्हती, आईच्या अंगात रक्त नव्हते. एका मुलाच्या मयताला कफनापुरते कापड आणायला पैसे नव्हते आणि रमाईने आपल्या लुगड्याचा तुकडा फाडून दिला, ही आठवण आजही विहारात सांगितली की बायका पदर डोळ्याला लावतात. राजरत्न सगळ्यात धाकटा, बापाचा लाडका. तो जुलै १९२६ मध्ये गेला. त्यानंतर महिनाभराने बाबासाहेबांनी दत्तोबा पवार या स्नेह्याला लिहिलेल्या पत्रात चार मुलांना मूठमाती दिल्याचे दुःख आहे, आणि आयुष्याची चव गेल्याची भावना आहे. त्या वेळी बाबासाहेब पस्तिशीत होते, रमाई अठ्ठावीस वर्षांची.

शेवटच्या बाळंतपणानंतर तिची प्रकृती सावरलीच नाही.

आणि याच सुमाराला चळवळ पेटली. मार्च १९२७ मध्ये महाडचे चवदार तळे, एप्रिलमध्ये 'बहिष्कृत भारत' पाक्षिक, डिसेंबरात मनुस्मृतीचे दहन. बाबासाहेब दामोदर हॉलच्या कचेरीत, कोर्टात, दौऱ्यावर, छापखान्याच्या मजकुरात बुडालेले. अंक निघायचा तर रकाने भरायलाही बहुतेक ते एकटेच.

'बहिष्कृत भारत' आर्थिक अडचणीत आला तेव्हा ३ फेब्रुवारी १९२८ च्या अंकात त्यांनी समाजाला एक सवाल विचारला. या कामाचे समाजावर काही ऋण आहे की नाही? तो हिशेब मांडताना त्यांनी आपल्या बायकोचा हिशेबही छापून टाकला. आपण परदेशात असताना रात्रंदिवस तिने संसाराचा भार एकटीने वाहिला आणि अजूनही वाहते आहे. आपण परत आल्यावरही विपन्नावस्थेत तिने डोक्यावर शेणाच्या पाट्या वाहायला कमी केले नाही. अशा ममताळू, सोशिक बाईच्या सहवासात चोवीस तासांतला अर्धा तासही आपल्याला घालवता आलेला नाही. अशा आशयाचे हे लिखाण आहे, आणि तेही जाहीर, वर्तमानपत्रात.

आम्हाला हा मजकूर रमाईवरच्या सगळ्या गाण्यांपेक्षा मोठा वाटतो. १९२८ साल होते. बॅरिस्टर, आमदार, लाखोंचा पुढारी. माझी बायको शेण वाहते हे तो लपवत नाही आणि तिचे गुणगान करून मोकळाही होत नाही. मी तिचे देणे लागतो आणि ते मी फेडलेले नाही, हे तो लोकांसमोर लिहून देतो. गुलाब देऊन नेमके हेच चुकवता येते. गुलाब दिला की त्या दिवसापुरते देणे फिटते.

सिगालोवाद सुत्तात तथागतांनी नवऱ्याची बायकोप्रती पाच कर्तव्ये सांगितली आहेत. तिचा मान राखणे, तिला कमी न लेखणे, तिच्याशी एकनिष्ठ राहणे, घरातला अधिकार तिच्या हाती देणे, तिला दागदागिने देणे. म्हणजे दागिना आहे, पण तो पाचातला एक आहे आणि शेवटी आहे. आधीची चार विकत मिळत नाहीत. बाबासाहेबांनी तेव्हा धम्म स्वीकारलेला नव्हता. त्यांच्याकडून या यादीतले सगळे झाले असे कुणी म्हणू नये. वेळ देण्यात ते कमी पडले, हे त्यांनीच लिहिले आहे.

रमाई घरात बसून फक्त वाट पाहत होती, असेही नाही. जानेवारी १९२८ मध्ये मुंबईत आपल्या बायकांचे महिला मंडळ सुरू झाले तेव्हा ती त्याची अध्यक्षा होती. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी 'आम्हीही इतिहास घडवला' या पुस्तकासाठी चळवळीतल्या म्हाताऱ्या बायका शोधून काढून त्यांना बोलते केले. ते पुस्तक प्रत्येक युवक गटाने एकदा तरी सामूहिक वाचावे. त्यातल्या बायका रमाईच्याच काळातल्या, चुलीपुढून उठून सभेला गेलेल्या. त्यांचे आणि तिचे जग एकच होते.

धारवाडची गोष्ट बहुतेकांना ठाऊक आहे. बळवंतराव वराळे तिथे मुलांचे वसतिगृह चालवत. रमाई काही दिवस तिथे राहायला गेली असताना वसतिगृहातले धान्य संपले आणि मुले उपाशी राहिली. तिने हातातल्या बांगड्या काढून दिल्या, त्यावर धान्य आले. ही गोष्ट कुणी सांगितली की ऐकणारे तिच्या दानशूरपणाचे कौतुक करतात. आम्हाला त्यात दुसरेही काही दिसते. जिची स्वतःची चार मुले हाल होऊन गेली, तिला दुसऱ्याची उपाशी मुले परकी वाटली नाहीत. दुःखाने माणूस कडू होऊ शकतो, तशी ती झाली नाही. नवऱ्याच्या चळवळीसाठी तिने हे केले असेही नाही, कारण मुलांना भूक लागली होती आणि तेवढे कारण तिला पुरेसे होते. बाबासाहेबांनी पुढे 'बुद्ध आणि त्याचा धम्म' मध्ये लिहिले की माणसाने माणसावरच्या प्रेमापाशी थांबू नये, मैत्री त्याहून व्यापक आहे. धारवाडच्या त्या बांगड्या रमाईने हे वाचून दिल्या नव्हत्या.

दोघांत मतभेद होते. रमाई जुन्या वळणाची, देवधर्म पाळणारी. उपासतापास करी. तिला पंढरपूरला जायचे होते. बाबासाहेब तिला नेईनात. जिथे आपल्याला देवळाबाहेरूनच परतावे लागते, त्या पंढरपुराची काय मातब्बरी, आपण आपले दुसरे पंढरपूर उभे करू, असा त्यांचा सूर असे. तिची इच्छा राहून गेली. आपण ही गोष्ट सांगताना लगेच नागपूरच्या दीक्षाभूमीवर येतो, की बघा, केले की नाही दुसरे पंढरपूर. तसे ते खरेही आहे. पण १९५६ पाहायला रमाई नव्हती. एका आजारी बाईला जे हवे होते ते मिळाले नाही, हेसुद्धा त्या गोष्टीत आहे, आणि आम्हाला ते गाळावेसे वाटत नाही.

१९३० चे दशक उजाडले. नाशिकचा काळाराम मंदिर सत्याग्रह, लंडनच्या गोलमेज परिषदा, पुणे करार. पुणे कराराच्या वेळी बाबासाहेबांच्या जिवाला धोका होता. अशा घरातल्या बाईची रात्र कशी जात असेल हे ज्यांच्या घरी कार्यकर्ते आहेत त्यांना सांगायला नको. याच काळात दादरच्या हिंदू कॉलनीत राजगृह उभे राहिले. घर पुस्तकांसाठी बांधले होते, पण त्यात रमाईलाही पहिल्यांदा मोकळी हवा आणि स्वतःची जागा मिळाली. शरीर मात्र थकले होते. डॉक्टर झाले, हवापालट झाला. २७ मे १९३५ रोजी राजगृहातच ती गेली, वयाच्या सदतिसाव्या वर्षी.

बाबासाहेब कोसळले. चरित्रांत नोंद आहे की ते खोलीत कोंडून घेऊन लहान मुलासारखे रडले, डोके भादरून घेतले, काही दिवस बैराग्यासारखे राहिले. लोकांना भेटेनात. मग उठले, आणि १३ ऑक्टोबरला येवल्यात धर्मांतराची घोषणा केली. रमाईला जाऊन पाच महिनेही पूर्ण झाले नव्हते. या दोन घटनांचा संबंध आम्ही जोडत नाही. घोषणेची कारणे वेगळी आणि फार जुनी आहेत. फक्त तारखा शेजारी ठेवल्या.

इथे आपल्या चळवळीतल्या पुरुषांशी थोडे भांडायचे आहे. चळवळीच्या घरांत आम्ही काम करतो. कितीतरी कार्यकर्ते बायकोने तक्रार केली की रमाईचा दाखला देतात. रमाईने सोसले, तुला का जमत नाही? दिवसभर मोर्चा, रात्री बैठक, घरात गॅस संपलेला, मुलीच्या शाळेची फी थकलेली, आणि बायको बोलली की ती चळवळीच्या आड येते. एका कार्यकर्त्याच्या पत्नीने आम्हाला सांगितले की घरातल्या भिंतीवरचा रमाईचा फोटो तिला हल्ली धाक दाखवल्यासारखा वाटतो. आईच्या फोटोची एखाद्या बाईला भीती वाटत असेल, तर आपले काहीतरी फार चुकले आहे.

रमाई गेल्यानंतर बाबासाहेब बायकांना काय सांगत होते ते या कार्यकर्त्यांनी पाहावे. २० जुलै १९४२ ला नागपुरात दलित महिलांची परिषद झाली, सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्ष होत्या, हजारो बायका जमल्या होत्या. तिथे त्यांनी सांगितले की मुलींच्या लग्नाची घाई करू नका, फार मुले होऊ देऊ नका, लग्न झालेल्या प्रत्येकीने नवऱ्याच्या बरोबरीने मैत्रीण म्हणून उभे राहावे आणि त्याची गुलाम व्हायला नकार द्यावा. नऊ वर्षांची नवरी, पाच बाळंतपणे आणि चार थडगी ज्याच्या घरात झाली तो माणूस हे बोलत होता. रमाईसारखे सोसा, असे त्यांनी त्या बायकांना सांगितले नाही.

त्याच्या आधी, जुलै १९२८ मध्ये, गिरणीतल्या बायकांना बाळंतपणाची रजा आणि भत्ता मिळावा या विधेयकाच्या बाजूने ते मुंबईच्या कायदे कौन्सिलात उभे राहिले होते. नोव्हेंबर १९३८ मध्ये त्यांनी तयार केलेला संततिनियमनाचा ठराव पी. जे. रोहम यांनी मुंबई विधानसभेत मांडला. कोणत्याही कारणाने का होईना, बाईला मूल नको असेल तर ते टाळणे तिच्या हातात असले पाहिजे, अशी त्यातली भूमिका होती. ठराव फेटाळला गेला. पुढे हिंदू कोड बिलात बायकांना वारसा आणि घटस्फोटाचा हक्क मिळावा म्हणून ते झगडले, आणि १९५१ मध्ये मंत्रिपद सोडताना ते बिल रखडवले गेल्याचे एक प्रमुख कारण त्यांनी दिले.

हे सगळे रमाईसाठी केले, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. त्यांचा विचार व्यापक होता, वाचन अफाट होते. पण १९२८ साली छापून मान्य केलेले ते ऋण त्यांनी कुठे फेडायला घेतले, असे कुणी विचारले तर आम्ही याच कागदांकडे बोट दाखवतो. रमाईला ते मिळणार नव्हते. दुसऱ्या कुठल्या तरी रमाला मिळावे अशी ती तजवीज होती.

आणखी एक. रमाईवर प्रेम दाखवायचे म्हणून माईसाहेबांना शिव्या द्यायची जी रीत आपल्यात पडली आहे ती सोडावी. एप्रिल १९४८ मध्ये बाबासाहेबांनी डॉ. शारदा कबीर यांच्याशी लग्न केले, ते आजारी होते आणि त्यांना साथ हवी होती. एकीचे प्रेम मोठे ठरवायला दुसरीला लहान करावे लागते, हा हिशेब बाजारातला आहे.

यंदा आमच्या वस्तीतल्या युवक गटाने ठरवले आहे की ७ तारखेच्या जयंतीचे भोजन मुलगे शिजवतील आणि मुली भाषणे करतील. भाताला पाणी किती घालायचे यावरून गटात सध्या बराच वाद चालू आहे. त्या बैठकीत एका मुलाने विचारले की बाबासाहेबांनी रमाईला कधी काही गिफ्ट दिले होते का. सगळे हसले, पण प्रश्न राहिला. आम्ही त्याला 'थॉट्स ऑन पाकिस्तान' बद्दल सांगितले. हे पुस्तक १९४० च्या अखेरीस निघाले. फाळणीवरचे, आकड्यांनी आणि नकाशांनी भरलेले जाडजूड राजकीय पुस्तक. त्यात घरसंसाराचा एक शब्द नाही. पण सुरुवातीचे अर्पणाचे पान 'रामू'च्या नावाने आहे, कारण ते तिला रामू म्हणत. तिच्या मनाचा चांगुलपणा आणि चारित्र्य, आणि मित्र नसलेल्या, काळजीच्या दिवसांत आपल्याबरोबर सोसण्याची तिची तयारी, याची ती आठवण आहे. तिला जाऊन तेव्हा साडेपाच वर्षे झाली होती, आणि पुस्तक इंग्रजीत होते.